जड चालतीया

आमच्या वस्तीत कुणी गाडी घेतली की लोक दोनच गोष्टी विचारतात. ॲव्हरेज किती देते आणि पिकअप कसं आहे. हातातला पेढा अजून तोंडात गेलेला नसतो, तेवढ्यात विचारून होतं. मी गाडी घेतली तेव्हा ॲव्हरेजचं उत्तर पाठ करून ठेवलं होतं. पिकअपबद्दल कुणी विचारलं की म्हणायचो, "आपल्याला कुठं शर्यत लावायचीय?" लोक हसायचे. मीही हसायचो. पुढं वर्षभर या एका पिकअपनं मला नाचवलं, आणि नाचताना मी जे बोलून बसलो ते परत घेण्याची सोय नाही.

गाडी तिसऱ्या हाताची, लहानशी, पेट्रोलवर चालणारी. मी एका विनाअनुदानित शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्याकडे पगार वेळेवर झाला तर शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे एकमेकांकडे संशयानं बघतात. अशा माणसानं गाडी घ्यायची म्हणजे भावकीत चर्चेला विषय. पण मी ती हौसेखातर घेतली नव्हती, अप्पांसाठी घेतली होती.

अप्पा म्हणजे माझे वडील. टॉवेल-चादरींच्या कारखान्यात ते चाळीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे माग जुळवणारा, बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. हे काम उभ्यानं करायचं असतं, नाहीतर मागाखाली वाकून. त्यात त्यांचे दोन्ही गुडघे गेले. दर गुरुवारी अक्कलकोटला जायचं हा त्यांचा नेम मात्र गेला नाही. एसटीत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर दांड्याला धरून उभं राहायचं. एकदा ते घरी आले आणि उंबऱ्यातच खाली बसले. पाय आत टाकवेना. त्या दिवशी मी ठरवलं की गाडी घ्यायची. आमची शाळा सकाळची असते, त्यामुळे गुरुवारी दुपारी मी, बायको आणि अप्पा असे तिघं निघायचो. पहिले काही महिने अप्पा पुढच्या सीटवर मांडीवर हारांची पिशवी घेऊन असे बसायचे की गाडी आपण घेतली याचं मलाच कौतुक वाटायचं.

आमच्या वस्तीतून अक्कलकोटच्या रस्त्याला लागायचं तर रेल्वेचा पूल चढावा लागतो. सोलापुरात चढ असा नाहीच, सगळं ताटासारखं सपाट. हा पूल तेवढा एक. त्या पुलावर एका गुरुवारी गाडीनं दम टाकला. तिसऱ्या गिअरमधून दुसरा, दुसऱ्यातून पहिला, तरी ती रडत रडत चढायला लागली. मागे पोत्यांनी भरलेला टेम्पो होता, त्याच्यामागे प्रवासी भरलेली रिक्षा. दोघंही हॉर्न सोडेनात. मला घाम फुटला. आणि त्यात शेजारून अप्पा शांतपणे म्हणाले, "गाडी जड चालतीया रं."

मी भडकलो. माझा स्वभाव असा आहे की मला लाज वाटली की आधी राग येतो. मी म्हणालो, "मग उतरा की जरा!"

गाडी जवळजवळ थांबलीच होती. अप्पांनी पिशवी सीटवर ठेवली, दार उघडलं आणि ते उतरले. मागून बायकोही उतरली. रिकामी गाडी कशीबशी वर गेली. पुलाच्या माथ्यावर मी गाडी कडेला घेऊन उभा राहिलो आणि आरशात बघत बसलो. अप्पा कठड्याला हात लावत, चार पावलं टाकून थांबत, पुन्हा चार पावलं टाकत येत होते. बायको त्यांच्या मागं होती. रिक्षातली माणसं माना वळवून बघत गेली. अप्पा आले, बसले, पिशवी मांडीवर घेतली. 

पुढच्या गुरुवारपासून मला काही सांगावं लागलं नाही. पूल जवळ आला की अप्पा म्हणायचे, "थांबव, मी उतरतो." पुलाच्या पायथ्याला, चढ सुरू व्हायच्या आधीच. मी म्हणायचो, बघू तरी, चढेल कदाचित. ते म्हणायचे, "कशाला उगं?" ज्या माणसाचे गुडघे वाचावेत म्हणून गाडी घेतली तो माणूस पूल पायी चढायचा आणि मी गाडीत बसून वर त्याची वाट बघायचो. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी एकदा ते बघितलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये म्हणाले, "वडलांना व्यायाम चांगला देताय हो." सगळे हसले. मी ब्युरेट धुवायला निघून गेलो.

मग मी मेस्त्रीकडे गेलो. हा मेस्त्री बोलायला फार गोड. त्यानं गाडी एकदा रेज करून बघितली, मान हलवली आणि म्हणाला, "साहेब, इंजिनात दमच न्हाय. जुनं झालंय. नवं बसवायचं तर तुमाला परवडत न्हाय. पन हाय त्यातच पॉवर वाढवू की. थोडं थोडं करत जाऊ." 'थोडं थोडं' हा शब्द ऐकला की माझ्यासारख्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. एकरकमी काही करायची आमची ऐपत नसते. थोडं थोडं करत आम्ही घरं बांधतो, आणि थोडं थोडं करतच बुडतो.

आधी प्लग आणि त्यांच्या वायरी बदलल्या. काही फरक पडला नाही. मग एअर फिल्टरचा डबा काढून तिथं उघडा, कोनासारखा फिल्टर बसवला. "इंजिनाला श्वास घेता आला पायजे," मेस्त्री म्हणाला. मग श्वास सोडताही आला पाहिजे म्हणून सायलेन्सर कापून आतली जाळी काढली. गाडी आता गल्लीत शिरली की कुत्री उठून उभी राहायची. आवाज शर्यतीच्या गाडीचा, चाल मात्र पहिलीच. ॲव्हरेज तर इतकं पडलं की ते मी कुणाला सांगेनासा झालो.

एकदा अप्पा माझ्याबरोबर गॅरेजवर आले. मी आणि मेस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होतो. अप्पा गाडीला वळसा घालून मागे गेले आणि त्यांनी मागच्या चाकावर तळवा टेकला. कारखान्यात ते असंच करायचे. बंद पडलेल्या मागाशी आधी बोलायचे नाहीत, अंगाला हात लावून उभे राहायचे. लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा मी ते शंभर वेळा बघितलं होतं. चाकावरचा हात त्यांनी झटक्यात मागे घेतला. "हे लई तापलंय," ते म्हणाले. "हितं बगा की."

मेस्त्री हसला. "आजोबा, चाकं तापतातच. हात काळे होत्याल."

"तसं न्हाय," अप्पा म्हणाले. "म्होरलं गार हाय. मागलंच..."

मी डोकं वर काढलं आणि म्हणालो, "अप्पा, हा माग नाही, गाडी आहे."

गॅरेजमध्ये चार-पाच माणसं होती. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. अप्पांनी खिशातून रुमाल काढला, हात पुसला, रुमालाची घडी घातली आणि ते समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बाकावर बसले. मी पुन्हा बॉनेटमध्ये वाकलो. एवढं बोलल्यावर मला हलकं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. मेस्त्रीसमोर मी गाडीतला जाणकार ठरलो होतो.

आता राहिलं होतं हेडचं काम. इंजिनाचं हेड काढायचं, यंत्रावर घासून पातळ करायचं, म्हणजे आतली जागा कमी होते, दाब वाढतो आणि त्याच इंजिनातून जास्त ताकद निघते. हे मला पुस्तकातूनही पटत होतं. मी शाळेत दाबाचे प्रयोग मांडतो. फक्त पैसे नव्हते.

पैसे होते, पण वेगळ्या कामासाठी होते. आमचा संडास जुन्या पद्धतीचा, उकिडवं बसायचा. अप्पांना सकाळी तिथून उठताना दाराची कडी धरून उठावं लागायचं. आतून त्यांचा आवाज यायचा आणि आम्ही दोघं इकडं स्वयंपाकघरात न ऐकल्यासारखं करायचो. तिथं कमोड बसवायचा म्हणून बायकोनं भिशी लावली होती. ती नुकतीच उचलली होती. मी ते पैसे मागितले.

ती म्हणाली, "अहो, पूल आठवड्यातनं एकदा येतो. हे रोजचं आहे."

"पुलावर लोक बघतात," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं, कपाटातून पाकीट काढलं आणि ओट्यावर ठेवलं. माझ्या हातात दिलं नाही. मी ते उचललं. खरं कारण माझ्या तोंडून निघून गेलं होतं, आणि आम्हा दोघांनाही ते ऐकू आलं होतं.

हेड घासून झालं. गाडी सपाट रस्त्यावर पळायला लागली. मी एकटाच पुलावर घेऊन गेलो, पाय पूर्ण दाबून, आणि ती भुंकत भुंकत चढली. मला इतका आनंद झाला की माथ्यावरून वळून मी पुन्हा खाली आलो आणि पुन्हा चढलो. इंजिनातून टकटक असा आवाज येत होता, तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकत होता, पण आनंदाच्या भरात मी त्याच्याकडे काणाडोळा केला.

त्या गुरुवारी पुलाच्या पायथ्याला अप्पांनी नेहमीप्रमाणे दाराला हात घातला. मी म्हणालो, "बसा. आज उतरायचं नाही."

"नगं रं," ते म्हणाले.

"अप्पा, बसा म्हणतो ना!"

ते बसले. गाडी निम्मा चढ झक्कास चढली. मग टकटक वाढली. मग बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली आणि पाऊण चढावर गाडी बंद पडली. मी किल्ली फिरवतोय, फिरवतोय, ती नुसती घरघरतेय. मागे हॉर्नची जत्रा. मी न्यूट्रल करून उतरलो, फडक्यानं बॉनेट उघडलं आणि वाफेत काही दिसेना म्हणून नुसता उभा राहिलो. मागे बघतो तर अप्पा गाडीच्या मागं गेलेले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पांढरा सदरा, कपाळावर भस्म, दोन्ही तळवे डिकीवर टेकून गाडी ढकलत होता. शेजारी बायको. गाडी तसूभर हलत नव्हती. अप्पांचे पाय डांबरावरून घसरत होते. "अप्पा, सोडा!" मी ओरडलो. त्यांनी सोडलं नाही.

पुलाखाली एक पंक्चरवाला बसतो. तो गर्दी बघून वर आला. त्यानं आधी अप्पांना हाताला धरून बाजूला केलं, कठड्याशी बसवलं, आणि मग मला विचारलं, "गिअर में हय क्या?"

मी म्हणालो, "न्यूट्रल आहे."

"हँडब्रेक खींचे?"

"नाही."

तो गाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साब, चढाव पे खडी हय, न्यूट्रल हय, ब्रेक नै. तो पीछे कायकू नै जा री?"

मी प्रयोगशाळेत काम करतो. उतारावर ठोकळा ठेवून घर्षणाचा प्रयोग मी दरवर्षी मुलांसाठी मांडतो. उतरणीवरचा ठोकळा घसरत नाही तेव्हा त्याला काहीतरी धरून आहे, हे मी आठवीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवलंय. आणि त्या पुलावर हा प्रश्न मला एका पंक्चरवाल्यानं विचारावा लागला.

त्यानं पुढच्या चाकांना दगड लावले, मागून जॅक चढवला आणि हातानं चाक फिरवायला गेला. चाक फिरलंच नाही. "देको," तो म्हणाला, "जाम हय." आमची गल्ली थोडी उतरती आहे. एका गुरुवारपासून दुसऱ्या गुरुवारपर्यंत गाडी हँडब्रेक ओढून पावसापाण्यात उभी असायची. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती. लिव्हर खाली केला तरी मागचा ब्रेक सुटतच नव्हता. वर्षभर मी ब्रेक लागलेली गाडी चालवत होतो आणि ती पळत नाही म्हणून तिची ताकद वाढवत होतो. त्यानं खाली झोपून पान्यानं केबल सैल केली, ड्रमवर हातोडीचे दोन-चार ठोके मारले. चाक भिंगरीसारखं फिरलं. एवढ्या कामाचे तो पैसेही घेईना.

मी अप्पांजवळ गेलो. ते कठड्याशी बसून गुडघे चोळत होते. म्हणाले, "मी पैल्याच दिवशी म्हनलो हुतो की. गाडी जड चालतीया म्हनून."

तेव्हा मला त्या शब्दाचा अर्थ कळला. खरं तर आठवला. कारखान्यात मागाचं कुठलं तरी अंग घासायला लागलं, कुठं पट्टा आवळला, कुठं तेल सुकलं की कामगार हाक मारायचा, "जॉबर, माग जड चालतोय!" जड म्हणजे वजनानं जड नव्हे. जड म्हणजे आत कुठंतरी धरतंय. याच एका हाकेवर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं. आणि मला वाटलं, अप्पा वजनाचं बोलतायत.

"माग जड चालला तर कुनी मोटार मोटी लावत न्हाई," अप्पा म्हणाले. "कुटं धरतंय ते बगत्यात."

"मला वाटलं, माणसं जास्त झाली असं म्हणताय," मी म्हणालो. "वजन जास्त झालं म्हणून."

"व्हय," ते म्हणाले. "तू उतरा म्हनलास. मग मला बी तसंच वाटलं. माजंच जड झालं आसंल तुला."

मागे टेम्पोवाला शिव्या देत होता.  म्हातारी माणसं पोराला जड होतात, असं आपण येताजाता म्हणतो. माझ्या बापानं ते स्वतःबद्दल ऐकलं, माझ्या तोंडून ऐकलं, आणि वर्षभर दर गुरुवारी मुकाट्यानं खाली उतरणं पत्करलं. एकदाही तक्रार केली नाही. मी माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "चला, ऊन लागतंय."

आता गाडी पूल एका दमात चढते. तिघांना घेऊन चढते. मेस्त्रीला भेटून मी चार शब्द सुनावले, त्यावर तो म्हणाला, "पन पॉवर वाढली का न्हाय, सांगा." वाढली. घासून पातळ केलेलं हेड परत जाड होत नाही. इंजिन तापतं आणि जरा पाय दाबला की टकटकतं, ते आता असंच राहणार. संडासातल्या कमोडचं काम तसंच राहिलं. बायकोनं बाजारातून भोक पाडलेलं प्लास्टिकचं स्टूल आणलं. त्याबद्दल ती मला एका शब्दानं बोलत नाही, आणि ती बोलली असती तर बरं झालं असतं असं मला रोज सकाळी वाटतं.

अप्पा अजून गुरुवारी येतात. पण मागच्या सीटवर बसतात. "म्होरं ऊन लागतंय," म्हणतात. पुलाच्या पायथ्याला मी आरशात बघतो, ते खिडकीबाहेर बघत असतात. गेल्या गुरुवारी पुलावर टकटक जरा वेगळी वाटली. मी खिडकीच्या काचा खाली केल्या आणि मुद्दाम विचारलं, "अप्पा, जरा ऐका की. कुठनं येतोय हा आवाज?"

ते म्हणाले, "मला हल्ली ऐकू येत न्हाय रं."

त्याच संध्याकाळी बायको आत स्वयंपाकघरात स्वतःशीच पुटपुटली, गॅस संपत आलाय वाटतं. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो, मला नीट कळलं नाही. बाहेरच्या खोलीतून, टीव्ही चालू असताना, अप्पांनी विचारलं, "नंबर लावला का सिलेंडरला?"